पाहुणे काय म्हणाले

माझ्या वहिनीने आयुष्यातली उमेदीची वर्षं मोठ्या माणसांची वाक्यं पूर्ण करण्यात घालवली. त्याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही, आणि ज्याने द्यायला हवं होतं त्याने उलट तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. तो माणूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली असती तर आमच्या घरातलं चव्हाट्यावर मांडलं म्हणून मी त्याच्याशी भांडलो असतो. म्हणून मीच सांगतो.

वहिनी दुभाषी. मीही दुभाषी, पण तिने घडवलेला. वहिनीची ती परकी भाषा मीही कॉलेजात शिकलो होतो, पण फक्त छाप पाडायला. छाप कुणावर पडली नाही, नोकरीही लागली नाही, तेव्हा वहिनीने मला धरून आपल्याबरोबर काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. सभागृहाच्या मागच्या भिंतीला उंचावर चिकटवलेली ती खोली. आत दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचा जग, आणि खोकला आला की आवाज तोडायचं एक बटण. हवा जेमतेम एका माणसाला पुरेल इतकी. अर्धा तास तिने बोलायचं, अर्धा तास मी. समोर व्यासपीठावर पाहुणा त्याच्या भाषेत बोलतोय, आपण त्याच क्षणी आपल्या भाषेत बोलायचं, आणि खाली शेकडो लोक कानात इअरफोन खुपसून आपल्यालाच पाहुणा समजून माना डोलवायचे.

त्या सभागृहात दरवर्षी ‘काळाशी संवाद’ नावाचा सोहळा व्हायचा. राजकारण, जगाचे व्यवहार, तंत्रज्ञान, समाज, सगळ्यांवर बोलायला त्या परक्या मुलखातले नामांकित विचारवंत यायचे आणि मऊ खुर्च्यांत रेलून गप्पा मारायचे. त्यांना बोलतं करायला एक संयोजक होते. कुणी काहीही बोललं की ते पुढे झुकून म्हणायचे, “अतिशय महत्त्वाचा मुद्दा!” पाहुणा शिंकला तरी तेच म्हणतील अशी आमची खात्री होती. आम्ही त्यांचं नाव ‘मुद्दा’ ठेवलं होतं.

आता विचारवंतांचं एक असतं. वाक्य सुरू करतात ते किल्ला जिंकायला निघाल्यासारखे, आणि अर्ध्या वाटेत कुठला किल्ला हेच विसरतात. “आजच्या जगात, म्हणजे ज्याला आपण जग म्हणतो, त्या अर्थाने, सत्ता आणि... तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय.” मुद्दा मान डोलवायचे. त्यांना कळलेलं असायचं. आम्हाला मात्र फाशी. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. कर्ता, कर्म, विशेषणं, सगळी पाहुणेमंडळी येऊन बसतात आणि क्रियापदाची वाट बघत राहतात. पलीकडचा माणूस क्रियापद न देताच पुढच्या वाक्याकडे निघून गेला की या सगळ्यांना घेऊन काय करायचं?

मी अशा वेळी अं-अं करायचो. वहिनी करायची नाही. ती क्षणभर डोळे मिटायची आणि वाक्य पुरं करून टाकायची. तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं, याच वाक्यासाठी हा माणूस सात समुद्र ओलांडून आला. एक राजकारणाचे मोठे अभ्यासक होते. त्यांची पुस्तकं उशीसारखी जाड. ते एकदा म्हणाले, “प्रश्न... सत्ता आणि प्रश्न, यांचं एक ते असतं ना, भीती, आणि मग उत्तर, उत्तराच्या दिशेने, असो.” वहिनी म्हणाली, “ज्या सत्तेला प्रश्नांची भीती वाटते, तिला उत्तर कधीच सापडत नाही.” सभागृह टाळ्यांनी दणाणलं. अभ्यासक गोंधळून इकडेतिकडे बघत राहिले, मग त्यांनी हात जोडले. मुद्दा म्हणाले, “अतिशय महत्त्वाचा मुद्दा!”

“वहिनी, हे त्यांनी म्हटलंच नाही,” मी बटण दाबून म्हणालो.

“म्हणायचं असेल हो, भाऊजी,” ती पाणी पीत म्हणाली. “इतक्या लांबून आलेत बिचारे.”

खाली चौथ्या-पाचव्या रांगेत दादा बसलेला असायचा. दादाचं औषधाचं दुकान. माणूस सरळ, कष्टाळू, पण त्याला विचारवंतांचं वेड. वर्षभर दुकानात ताप-खोकल्याच्या बाटल्या द्यायचा आणि या सोहळ्याच्या दिवसांत दुकान बंद ठेवून कोट घालून यायचा. तिथं ऐकलेलं वर्षभर पुरवायचा. जेवताना घास हातात धरून म्हणायचा, “परवा ते म्हणाले ना, की लोकांना स्वातंत्र्य नको असतं, मालक बदलून हवा असतो... काय माणूस आहे!” वहिनी भाजी वाढत असायची. ते वाक्य तिचं होतं. मुळात त्या गृहस्थांनी ‘स्वातंत्र्य वगैरे’ एवढंच म्हटलं होतं. मी तिच्याकडे बघायचो, ती मला डोळ्यांनी गप्प करायची. नवऱ्याला आपलं बोलणं आवडतंय, मग ते कुणाच्या नावावर का असेना, असं तिला वाटत असावं. त्या वेळी मला तो तिचा मोठेपणा वाटायचा. आता वाटतं, इतका मोठेपणा माणसाला परवडत नाही.

सत्तेचं आणि प्रश्नांचं ते वाक्य दादाने सुंदर अक्षरात लिहवून घेतलं आणि चौकटीत बसवून गल्ल्यामागे टांगलं. खाली त्या अभ्यासकांचं नाव.

मग एका वर्षी तंत्रज्ञानाचे थोर भाष्यकार आले. त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य ‘उद्या’पासून सुरू व्हायचं, म्हणून आम्ही त्यांना उद्यावाले म्हणायचो. उद्या डॉक्टर राहणार नाहीत. उद्या शाळा राहणार नाहीत. उद्या काय राहणार, हे विचारलं की म्हणायचे, “संवाद!” अंगात साधा सदरा, पायात महागडे बूट, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू भविष्याने त्यांना आपल्या घराची किल्ली देऊन ठेवली आहे.

त्या दिवशी माइक वहिनीकडे होता. उद्यावाले बोलता बोलता आमच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले, “आता बघा, तिथे मागे काचेत दोन माणसं बसली आहेत.” वहिनी सांगत होती, “आता बघा, तिथे मागे काचेत दोन माणसं बसली आहेत. माझं बोलणं ती तुमच्यापर्यंत आणतात. उद्या त्यांची गरज राहणार नाही. उद्या हे काम यंत्र करेल, आणि जास्त चांगलं करेल, कारण यंत्र स्वतःचं काही घालत नाही.”

सगळं सभागृह मान वळवून आमच्याकडे बघून हसलं. स्वतःच्या कामावर वरवंटा फिरवणारी ती वाक्यं वहिनीने इतक्या स्वच्छ आवाजात सांगितली की एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला, पेन्सिल उचलायची होती तिला.

चहाच्या वेळी उद्यावाले स्वतः आमच्याजवळ आले. हातात बशी, बशीत बिस्किटांची रास.

“तुम्ही मनाला लावून नाही ना घेतलंत?” त्यांनी विचारलं. “मी व्यक्तीबद्दल बोलत नव्हतो. मी प्रवाहाबद्दल बोलत होतो.”

“माझं आडनाव प्रवाह नाही,” वहिनी त्यांच्याच भाषेत म्हणाली. “पण बिस्किटं घ्या. उद्या असतील नसतील.”

ते खो-खो हसले आणि मुद्दांना म्हणाले की तुमची दुभाषी फार विनोदी आहे. पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. त्याऐवजी दोन मानाच्या प्रवेशिका आल्या, पाकिटावर ‘आमच्या जुन्या सहकाऱ्यांना, कृतज्ञतेने’. सभागृहात जाऊन पाहिलं तर काचेची खोली उतरवून खाली फुलांची कुंडी ठेवली होती. यंत्र कुठे होतं ते दिसतही नव्हतं. इअरफोनमधून एक गोड, थंड, ना बाईचा ना बुवाचा आवाज यायचा.

वहिनीला खरं तर जायचंच नव्हतं. दादाने आग्रह केला. “तुझ्या कामाचं पुढे काय झालं ते बघायला नको? मन मोठं ठेवावं माणसाने.” मोठ्या मनाचा साठा त्या घरात फक्त वहिनीकडे होता, तेव्हा ती निघाली. आम्ही तिघं शेजारी शेजारी बसलो. मध्ये दादा, कोटाची बटणं लावून.

व्यासपीठावर पुन्हा उद्यावालेच. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे आता ते सल्लागार झाले होते, असं मुद्दांनीच सांगितलं, जणू ही आनंदाची बातमी आहे. वहिनीने आणि मी इअरफोन एकाच कानात घातला. एका कानाने यंत्र, दुसऱ्या कानाने साहेब.

सुरुवातीला यंत्राने बरी मजल मारली. ‘नमस्कार’ वगैरे नीट सांगितलं. मग साहेब आपल्या जातीवर गेले, क्रियापदं सोडत सुटले. यंत्र प्रामाणिक. त्याने डोळे मिटून विचार केला नाही, जे आलं ते ओतलं. कानात येत होतं, “समाज हा एक असणे आहे ज्याच्या आत बाहेर उद्या. आपण दार. दार आपल्याला विचारते, आणि विचारणे उघडते.” मी दचकून आजूबाजूला पाहिलं. मला वाटलं, आता लोक उठतील, निदान खाकरतील तरी. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी वही काढून लिहून घेतलं, ‘विचारणे उघडते’, आणि खाली दोनदा रेघ मारली. दादाने डोळे मिटून घेतले होते. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्याच्या मुलीच्या जन्माच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

“काय खोल बोलतोय,” तो पुटपुटला. “मागच्या वर्षी एवढा खोल नव्हता.”

वहिनी माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडे बघेना. बघितलं असतं तर संपलं होतं.

तेवढ्यात उद्यावाल्यांची खुर्ची डुगडुगायला लागली. त्यांनी एकदा खाली पाहिलं, दोनदा पाहिलं, मग मुद्दांकडे वळून त्यांच्या भाषेत हळूच म्हणाले, “या खुर्चीचा एक पाय हलतोय. कुणी बघेल का?” पण माइक कॉलरलाच लावलेला. यंत्राने तेही उचललं. आणि त्यांच्या भाषेत खुर्चीला आणि अधिकाराच्या जागेला एकच शब्द. कानात तो गोड, थंड आवाज म्हणाला, “सत्तेचा एक पाय अस्थिर आहे. पाहणारा कोण?”

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. लोक उभे राहिले. मुद्दा छातीवर हात ठेवून म्हणाले, “अतिशय, अतिशय महत्त्वाचा मुद्दा!” खुर्ची बघायला अर्थातच कुणी आलं नाही. उद्यावाल्यांनी टाळ्यांना मान तुकवली आणि उरलेला सगळा वेळ एक टाच खुर्चीच्या पायाला टेकवून, तोल सांभाळत, घाम पुसत काढला.

वहिनी हसली. तोंडावर पदर दाबला, रुमाल दाबला, काही उपयोग झाला नाही. वर्षानुवर्षं खोकल्याच्या बटणामागे दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. मीही हसत सुटलो. मागून कुणीतरी ‘शूऽऽ’ केलं. दादाचा चेहरा लाल झाला. त्याने वहिनीचं मनगट धरलं आणि आम्हाला बाहेर जिन्याजवळ आणलं.

“लाज नाही वाटत?” तो म्हणाला. “एवढा मोठा माणूस बोलतोय आणि तू खिदळतेस?”

“अहो, तो खुर्चीबद्दल बोलत होता,” वहिनी डोळे पुसत म्हणाली. “बसायच्या खुर्चीबद्दल. पाय हलत होता तिचा.”

“तुला काय कळतं त्यातलं!”

तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. मी बघत होतो, आणि माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं तिच्या डोळ्यांच्या धाकाने गिळलेलं मी बोलून टाकलं. “दादा, तुझ्या दुकानातलं ते चौकटीतलं वाक्य कुणाचं आहे ठाऊक आहे? वहिनीचं. मालक बदलून हवा असतो, ते? वहिनीचं. तू जेवताना ज्या ज्या वाक्यावर घास विसरतोस ना, ते समोर बसून भाजी वाढणाऱ्या बाईचं आहे. ते विचारवंत नुसते अं-अं करत होते.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. “खरं आहे हे?”

मला वाटलं, आता याचा चेहरा पडेल, मग उजळेल. मी मूर्ख.

“वाक्यं अर्धवट सोडायचे हो ते,” वहिनी म्हणाली. “माइक चालू असायचा. काहीतरी बोलायला हवं होतं.”

“म्हणजे तू लोकांना फसवलंस,” दादा म्हणाला. “मला फसवलंस. मी इतकी वर्षं समजत होतो की...” त्याने वाक्य सोडून दिलं.

या वेळी वहिनीने ते पूर्ण केलं नाही. ती जिना उतरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘सत्तेचा हलता पाय’ नावाचा अग्रलेख आला. तिसऱ्या दिवशी उद्यावाले टीव्हीवर म्हणाले की ही मांडणी ते फार पूर्वीपासून करत आले आहेत. दादाने दुकानातली ती चौकट उतरवली. मी विचारलं तर म्हणाला, “बनावट निघालं ते.” थोर माणसाचं होतं तोवर त्यात शहाणपण होतं, बायकोचं निघालं तसं ते उडून गेलं. त्याच खिळ्यावर त्याने नवी चौकट टांगली. ‘सत्तेचा एक पाय अस्थिर आहे. पाहणारा कोण?’

वहिनी काही आणायला दुकानात गेली तेव्हा तिने ती पाहिली. काउंटरवर कोपर टेकून, नीट वाचून, गिऱ्हाइकांसमोर तिने विचारलं, “अहो, म्हणजे काय हो हे?”

“म्हणजे...” दादा म्हणाला, “म्हणजे सत्ता जी असते...”

“हं?”

“तुला नाही कळणार.”

“नाहीच कळत. म्हणून तर विचारतेय. सांगा ना.”

खोकल्याचं औषध घ्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थही कान देऊन उभे राहिले. दादाने त्यांना दोन बाटल्या जास्त दिल्या आणि विषय बदलला.

त्या दिवसापासून वहिनीने एवढंच केलं. रागावली नाही, रुसली नाही, माहेरी गेली नाही. दादा जेवताना कुणाचंही वाक्य म्हणाला की ती पळी थांबवून विचारायची, “म्हणजे काय?” खरंच विचारायची, तोंडावर साधा प्रश्न. दादा बोलायला लागायचा, ‘त्या अर्थाने’ म्हणायचा, ‘एक प्रकारे’ म्हणायचा, आणि भाजी गार व्हायची. ती वाट बघत बसायची. आधी त्याला वाटलं ती टोमणे मारतेय. मग त्याला कळलं असावं की टोमण्याला निदान उत्तर देता येतं. हळूहळू जगाचे व्यवहार आमच्या जेवणातून उठले. दादा गिऱ्हाइकांबद्दल बोलायला लागला. कोण झोपेच्या गोळ्या मागतं, कुणाचा मुलगा परत आला. तो बरा बोलतो, हे मला तेव्हा कळलं. पण वहिनीची माफी त्याने मागितली नाही, आणि चौकटही काढली नाही. इतका मोठा घास त्याला गिळवला नसता.

मग मुद्दांचा फोन आला. ‘काळाशी संवाद’चा जाडजूड ग्रंथ निघणार होता, सगळ्या वर्षांचा. आम्ही दोघं त्यांच्या कचेरीत गेलो. काचेचं टेबल, भिंतीवर पाहुण्यांबरोबरचे फोटो, सगळ्यांत मुद्दा पुढे झुकलेले.

“तुमच्या वर्षांचा मजकूर आम्ही वाचला,” ते म्हणाले. “छान आहे. पण कसं आहे, यंत्राच्या वर्षाशी तुलना केली तर थोडा... कसं सांगू... सोपा वाटतो.”

“सोपा?” वहिनीने विचारलं.

“कळतो पटकन. वाचकाला वाटतं, हे तर आपल्यालाही सुचलं असतं. त्याला जरा खोली द्या. मूळ ध्वनिमुद्रण आहे आमच्याकडे, ते ऐकून.”

“म्हणजे कळू नये असं करायचं?”

“असं नाही म्हणणार मी,” मुद्दा म्हणाले. “पण तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे.”

मला वाटलं ती उठून येईल. ती म्हणाली, “देते.” बाहेर आल्यावर मी तिच्यावर वैतागलो, तर म्हणाली, “भाऊजी, एवढी वर्षं मी त्या लोकांना माझे कपडे घालून लोकांसमोर पाठवलं. आता एकदा त्यांना त्यांच्याच कपड्यांत बघू दे की सगळ्यांना.”

आम्ही बसलो. ध्वनिमुद्रण लावलं. ते जे बोलले, तेच आणि तेवढंच लिहिलं. ‘अं’ला ‘अं’. सुटलेलं क्रियापद सुटलेलंच. ‘तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय’ हे वाक्य इतक्या वेळा आलं की मी टंकलेखनात त्यासाठी वेगळी कळ ठरवून टाकली. वहिनी मध्येच थांबायची, एखादं वाक्य लोंबकळताना बघून तिची बोटं शिवशिवायची. मग म्हणायची, “राहू दे. त्याचं आहे, त्यालाच निस्तरू दे.”

मला खात्री होती, ग्रंथ बाहेर आला की हसं होईल. कसलं काय! समीक्षकांनी लिहिलं की यात मौनाचं व्याकरण आहे. मुद्दांनी फोन करून सांगितलं, “एक वेगळाच ताण आलाय तुमच्या भाषेत.” उशीएवढ्या पुस्तकांच्या अभ्यासकांनी कुणाकडून तरी वाचून घेऊन कळवलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला कुणी समजून घेतलं. ऋणनिर्देशात भाषांतराबद्दल यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे आभार मानले होते. मी संतापून ते पान वहिनीसमोर आपटलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “बरं झालं. माझं नाव नको त्यात.”

त्यानंतर त्या जगाचं तोंड तिने पाहिलं नाही. कौटुंबिक न्यायालयात दुभाषी हवी होती. तिथली खोली काचेची नाही, पंखा कुरकुरतो, बाकं लाकडी. लोक येतात, रडतात, धडधडीत खोटं बोलतात. पहिल्याच आठवड्यात वहिनी मला म्हणाली, “भाऊजी, खोटं बोलतात, पण वाक्य पूर्ण करतात हो!” आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मीही अर्ज केला.

परवाचं एक प्रकरण. नवरा इथला, सुतारकाम करणारा, आडदांड. बायको त्या परक्या मुलखातली, किडकिडीत, नाकावर राग. लग्न कामाच्या ठिकाणी जमलेलं. एकमेकांची भाषा बाजारात भाव करण्यापुरती येत होती, तेवढ्यावर संसार रेटला होता. आता घटस्फोट हवा होता. न्यायाधीश बाईंनी बायकोला बोलायला सांगितलं. ती उठली आणि जी सुटली ती सुटली. वहिनी तिच्याशेजारी उभी राहून शांत आवाजात सांगत गेली, दुभाष्याच्या रिवाजाप्रमाणे ‘मी’ म्हणत.

“मी रोज संध्याकाळी दारात उभी राहून याला तेच सांगते. तू गाढव आहेस. तुझ्या बुटांचा चिखल मी पुसणार नाही. माझ्या आईच्या आजारपणात तू मला जाऊ दिलं नाहीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुभाषी या नात्याने कळवते, पुढचा शब्द शिवी आहे, न्यायालयाने परवानगी दिली तर सांगते.”

“सांगा,” न्यायाधीश म्हणाल्या.

वहिनीने सांगितली.

सुतार तोंड उघडं टाकून बघत होता. “हे म्हणते ती रोज?” त्याने वहिनीला विचारलं. “दारात उभी राहून? मला वाटायचं ती म्हणतेय, हातपाय धू, जेवायला चल. मी आपला हो-हो म्हणायचो.”

वहिनीने ते बायकोला तिच्या भाषेत सांगितलं, हो-होसकट. बायको ऐकत राहिली. मग तिने विचारलं, “आणि आईचं? मी निघाले तेव्हा हा दार अडवून काय बडबडत होता?”

“मी म्हणत होतो, थांब, मी पण येतो, दुकानातून प्रवासाची पेटी घेऊन येतो,” सुतार म्हणाला. “परत आलो तर ही खोलीला कडी लावून बसलेली.”

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुढची तारीख दिली. दोघं बाहेर आली, पण गेली नाहीत. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली आणि पहिल्यापासूनचं एकेक भांडण काढायला लागली. मध्ये वहिनी, एकदा इकडे मान, एकदा तिकडे. सुतार मोठ्याने ओरडत होता, बायको त्याहून मोठ्याने, आणि वहिनी कुणाच्याही पदरचं काही न घालता दोघांचंही सांगत होती. मी तिला खूण केली, जेवायची सुट्टी झाली. तिने हातानेच मला जा म्हणून सांगितलं.